पैलतीरचा घास

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. तेव्हाचे राजे गेले, त्यांची राज्यं गेली. नदी तेवढी आहे. लहानांनी ही गोष्ट ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

त्या नदीच्या उत्तर काठावर एका राजाचं राज्य होतं, दक्षिण काठावर दुसऱ्याचं. दोन्ही काठांवर, अगदी समोरासमोर, एकेक गाव होतं. उत्तरेकडच्या गावाचा पाटील होता रखमाजी. ताठ माणूस. बोलणं कमी, आवाज मोठा. आपली चूक कबूल करायची वेळ आली की त्याला हटकून शेतावरचं काम आठवायचं.

या दोन गावांत एक रीत होती. प्रत्येक गाव एकाच भावकीचं होतं. एका घरात माणूस गेलं की साऱ्या गावाला सुतक. मग दुःखातल्या घराला अन्न कुणी द्यायचं? शेजारीपाजारी सगळेच सुतकात. म्हणून घास यायचा नदीपलीकडून. बिनफोडणीचं पिठलं आणि भाकरी. इकडच्या प्रत्येक घराला तिकडचं एक घर नेमून दिलेलं होतं. त्याला घासघर म्हणत. सुतकाचे दिवस भरले की घासघरातलं माणूस अन्न घेऊन यायचं. दुःखी घराने ते खाल्लं की सुतक फिटलं. आणि सुतक फिटलं की त्या मरणाबद्दलची तक्रारही संपली, असं दोन्ही राज्यांत धरलं जाई. घास खाल्लेल्या माणसाने त्या मरणाची फिर्याद घेऊन राजाच्या दारी जायचं नाही.

राजे बदलले, नाकी बदलली, पण घास कधी थांबला नव्हता.

रखमाजीचं घासघर म्हणजे समोरच्या गावातल्या गवराबाईचं घर. बाई विधवा, दोन मुलांची आई, जिभेने तिखट. रखमाजीची आई गेली तेव्हा तीच भाकरी घेऊन आली होती. पान पुढे सरकवून म्हणाली होती, "खा पाटील. तुमच्या आईला माझ्या भाकरीत खोट काढल्याशिवाय चैन पडत नसे. तुम्ही तरी मुकाट्याने खा."

रखमाजीने मुकाट्याने खाल्लं होतं.

मग युद्ध झालं. डोंगरावरच्या एका पडक्या गढीसाठी झालं. त्या गढीत वटवाघळांशिवाय कुणी राहत नव्हतं. पण एका राजाने ती माझी म्हटली, म्हणून दुसऱ्यालाही ती हवी झाली. दोन्ही गावांतली तरणी माणसं भाले देऊन उभी केली गेली. रखमाजीचा थोरला मुलगा त्यात गेला. गवराबाईचाही थोरला गेला. घर असं राहिलं नाही की ज्याचं कुणी गेलं नाही.

आणि त्या वर्षी घास आला नाही. इकडून गेला नाही, तिकडून आला नाही.

पुढे राजे दमले. त्यांनी तह केला. हत्ती आले, शालजोड्या दिल्या-घेतल्या, पेढे वाटले. दोन्ही काठांवर दवंडी पिटली, "ऐका हो ऐका! आजपासून वैर संपलं! आजपासून मैत्री!"

लोकांनी ऐकलं आणि दारं लावून घेतली.

वैर संपलं असं राजे म्हणत होते. पण सुतक कुठे फिटलं होतं? घास आल्याशिवाय ते फिटणार नव्हतं. गावात लग्न लागेना. दाराला तोरण चढेना. होळीला पुरण शिजेना. लेकी वाढत चालल्या, आणि त्यांच्या आया त्यांच्याकडे बघायचं टाळू लागल्या. रखमाजीच्या घरी थोरल्याची विधवा सून होती आणि धाकटा मुलगा तुळाजी. तुळाजी मिसरूड फुटलेला, रागीट, भावाच्या आठवणीने सदा धुमसणारा. रखमाजीला आता तो एकच उरला होता.

राजधानीत बातमी गेली की काठावरची गावं अजून उदास आहेत. तेव्हा दोन्ही दरबारांनी मिळून एक युक्ती काढली. दक्षिणेच्या राजाच्या मुदपाकखान्यातून उत्तर काठावर बुंदीच्या कढया आल्या, उत्तरेच्या राजाकडून दक्षिण काठावर गेल्या. बरोबर एक कारभारी होता. तो चावडीसमोर उभा राहून म्हणाला, "हा पैलतीरचा घास. महाराजांनी धाडला आहे. खा आणि सुतक सोडा."

कुणी हात पुढे केला नाही.

"खा म्हणतो ना! हुकूम आहे."

गावातली एक म्हातारी पुढे आली. म्हणाली, "कारभारी, ज्याने कढई चढवली त्याच्या घरचं कोण गेलंय?"

कारभारी कढईकडे बघू लागला.

"मग हे गोडधोड परत न्या. ज्याच्या घरी कुणी मेलं नाही त्याच्या हातचं आम्हाला गिळत नाही."

ती बुंदी शेवटी नदीतल्या माशांनी खाल्ली. मासे मात्र खूश झाले असतील.

आता कुणी म्हणेल, मग गावकऱ्यांनीच घास का नेला नाही? कारण दोन्ही गावांची एक समजूत होती. आपलंच सुतक फिटलेलं नाही, आणि सुतकाच्या घरातलं अन्न दुसऱ्याला चालत नाही. तेव्हा आपण कसं न्यायचं? आधी त्यांनी आणावं, मग आपण नेऊ. इकडचे असं म्हणत, तिकडचेही असंच म्हणत. रीत दोघांनाही तोंडपाठ होती. रखमाजी तर छातीवर हात ठेवून म्हणायचा, "आमचं सुतक फिटू दे, दुसऱ्याच दिवशी नेतो." आणि ते फिटणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

एकदा सून म्हणाली, "मामंजी, अशाने आपलं सुतक आपल्याबरोबरच जळायचं."

रखमाजीला शेतावरचं काम आठवलं.

उन्हाळा आला. पाणी उतरलं. नदीच्या पात्रात वाळूची बेटं उघडी पडली. त्या वाळूत दोन्ही गावं टरबुजाचे वेल लावत. दर पुराला वाळू जागा बदलते. आज या काठाला लागून असलेलं बेट पुढच्या साली त्या काठाला जाऊन चिकटतं. पूर्वी दोन्हीकडचे लोक एकत्र बसून वाळू वाटून घेत. आता बसणार कोण? ज्याने आधी वेल लावला त्याची वाळू.

एका सकाळी दोन्हीकडची पोरं एकाच बेटावर कुदळी घेऊन उतरली. आधी शिव्या झाल्या. मग भावांची नावं निघाली, मेलेल्या भावांची. मग लाठ्या चालल्या. तुळाजीही त्यात होता. धुरळा बसला तेव्हा बेटाच्या कडेला, डोहात, एक पोरगा पालथा तरंगत होता.

तो गवराबाईचा धाकटा होता. कुणाचा फटका बसला, की तोल जाऊन पडला, कुणालाच सांगता येईना.

दक्षिणेच्या राजाला तेवढंच हवं होतं. तह त्याला तसाही जड झाला होता. "माझ्या प्रजेचा खून!" तो गरजला. त्याचा सरदार फौज घेऊन निघाला. तिकडून फौज निघाली म्हणून इकडच्या राजाचा हुकूम सुटला: काठावरच्या प्रत्येक धडधाकट माणसाने हत्यार उचलावं. पहिलं नाव पाटलाच्या पोराचं.

तुळाजीने भावाचा भाला काढला आणि पायरीवर बसून घासायला घेतला.

रखमाजी दारात उभा राहून पाहत होता. थोरलाही असाच त्या पायरीवर बसला होता. तेव्हा रखमाजी त्याला म्हणाला होता, नीट घास, गंज दिसतोय. बापाने पोराशी बोललेलं ते शेवटचं.

तो आत गेला. सुनेला म्हणाला, "तवा ठेव."

"आत्ता? कुणासाठी?"

"गवराबाईच्या घरी माणूस गेलंय. आपण तिचं घासघर आहोत."

सून त्याच्याकडे बघतच राहिली. "आपलंच सुतक फिटलेलं नाही, मामंजी. सुतकातलं अन्न त्यांना कसं चालेल?"

"तीही सुतकात, आपणही सुतकात. मी तिला आणखी काय बाटवणार?"

"मग हे इतकी वर्षं का नाही सुचलं?"

या वेळी मात्र रखमाजी शेतावर गेला नाही. म्हणाला, "सुचलं होतं. लाज आडवी येत होती. पीठ मळ."

भाकऱ्या झाल्या. पिठल्याचं गाडगं भरलं. रखमाजीने भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि पायरीवर आला.

"भाला ठेव. गाडगं धर."

तुळाजी उठला नाही. "आबा, ते मला जिता सोडतील?"

"माहीत नाही."

"मग कशाला नेता?"

"तिचं पोर जिथे पडलं तिथे तू होतास. मी एकटा गेलो तर ती भाकरी, तू आलास तर घास. ऊठ."

भर दुपारी बापलेक पाण्यात उतरले. पाणी गुडघाभर होतं, पण तुळाजीचे पाय जड पडत होते. पलीकडच्या काठावर माणसं गोळा झाली. हातात लाठ्या होत्या. एकाने ओरडून विचारलं, "पाटील, वाट चुकलात काय?"

"चुकलो होतो. आता बरोबर आहे."

"हातात काय?"

"घास आहे. गवराबाईकडे निघालोय. मारायचं तर परतताना मारा, अन्न हातात असताना नको."

अन्नावर लाठी कोण उगारणार? माणसं बाजूला झाली, पण मागोमाग चालू लागली.

गवराबाई उंबऱ्यावर बसली होती. चूल गार होती. तिने वर पाहिलं, पाटलाला पाहिलं, मग तुळाजीला पाहिलं. उभी राहिली नाही, बसा म्हणाली नाही.

"पोराच्या हातात लाठी होती ना तुमच्या?" तिने विचारलं.

"त्यालाच विचारा."

"होती, काकू," तुळाजी म्हणाला.

"मारलीस?"

"मारली. कुणाला लागली ते ठाऊक नाही. माझ्या तोंडात तेव्हा दादाचं नाव होतं."

"माझ्या पोराच्याही तोंडात त्याच्या दादाचंच नाव असेल."

दोघं उन्हात उभे राहिले. सावली भिंतीपासून सरकत अंगणात आली, तरी ती बोलली नाही. जमलेले लोक चुळबुळ करू लागले. पण रखमाजीने भाकऱ्या खाली ठेवल्या नाहीत, आणि तुळाजीला परत चल म्हटलं नाही. आयुष्यात कुणाच्या दारात इतका वेळ तो उभा राहिला नव्हता.

अखेर गवराबाई म्हणाली, "पिठलं गार झालं असेल."

"झालं असेल."

"आणा इकडे."

तिने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "मीठ जास्त पडलंय."

"पडलंय खरं."

"तुमच्या आईने नावं ठेवली असती."

"ठेवली असती."

तिने दुसरा घास घेतला आणि तेव्हा कुठे ती रडली. मागे उभ्या असलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. पुरुषांनी लाठ्या भिंतीला टेकवल्या.

खाऊन झाल्यावर गवराबाई उठली. चुलीत काटक्या सारल्या. म्हणाली, "बसा पाटील. तुमच्या थोरल्याचा घास कधीचा राहिलाय. माझ्याही थोरल्याचा भाला तेव्हा कुणाच्या तरी छातीत गेला असेल. कुणाच्या, ते मला तरी कुठे ठाऊक?"

रखमाजी बसला. भाकरी गरम होती. त्याने ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

सगळंच काही त्या दिवशी झालं नाही. दुसऱ्या दिवशी दोन-चार घरांतून घास निघाला. मग आणखी काही घरांतून. एक म्हातारा शेवटपर्यंत गेला नाही, आणि आलेला घासही त्याने घेतला नाही. त्याला कुणी बोललं नाही. ज्याचं जातं त्याला कळतं. पण बाकीच्या घरांत सुतक फिटलं.

गवराबाईच्या पोराचं काय, हा प्रश्न मात्र उरला होता. घास खाल्ला म्हणून मेलेलं पोर परत येत नाही, आणि मारणाऱ्यांना मोकळं सोडणं हा न्याय नव्हे. दोन्ही गावची जाणती माणसं आणि बाया त्याच वाळूच्या बेटावर बसली. भांडण झालं, आवाज चढले, एकदा एकजण उठूनही गेला आणि परत आला. शेवटी ठरलं. लाठी चालवणाऱ्या सगळ्यांनी, दोन्हीकडच्यांनी, गवराबाईचं शेत ती आहे तोवर कसायचं. तुळाजीने तिच्या घरचं पाणी भरायचं. आणि दर पुरानंतर वाळू मोजून वाटायची ती दोन्ही गावांनी एकत्र बसून.

इतक्यात दक्षिणेची फौज काठावर आली. सरदाराने गवराबाईला डेऱ्यात बोलावलं.

"बाई, फिर्याद सांगा. तुमच्या मुलाचा सूड घ्यायला महाराजांनी फौज धाडली आहे. तुमचा एक शब्द मिळाला की आम्ही नदी ओलांडतो."

"फिर्याद नाही."

"नाही म्हणजे? मुलगा मेला ना तुमचा?"

"मेला. त्याचा घास मी खाल्ला. सुतक फिटलं. आता फिर्याद कसली?"

सरदार चिडला. "दोन भाकऱ्यांवर मुलगा विकलात?"

गवराबाई उभी राहिली. "जीभ सांभाळा. माझं एक पोर तुमच्या गढीसाठी गेलं. तेव्हा सूड घ्यायला कुणी आलं नाही, कारण सूड घ्यायचा तर तुमच्याच महाराजांवर घ्यावा लागला असता. हे पोर माझं होतं. त्याचं मरण माझं आहे. ते मी तुम्हाला वापरायला देणार नाही."

"नावा आणा," सरदार बाहेर येऊन ओरडला. "दाणागोटा नावांतून नेऊ, माणसं पायी उतरतील."

नावाड्यांनी नावा आणल्या नाहीत. "सूड कुणाचा घ्यायचाय ते सांगा, मग आणतो," ते म्हणाले. सरदाराने गावाच्या पाटलाला बोलावलं. तोही तेच म्हणाला. सरदाराने शिपायांकडे पाहिलं. शिपाईही अशाच काठावरच्या गावांतले होते. घास खाल्लेल्या मरणासाठी हत्यार उचलणं त्यांना पाप वाटत होतं. ते एकमेकांकडे बघू लागले.

इकडच्या काठावर उत्तरेचा सरदार आला होता. रखमाजी त्याच्यापुढे गेला. म्हणाला, "माझा पोरगा देणार नाही."

"राजाज्ञा आहे, पाटील."

"लढायचं कुणाशी? समोर शत्रू दाखवा. समोर माझं घासघर आहे."

कारण नसलेलं युद्ध सुरू करणं सोपं नसतं. लोकांनी कारण दिलं तरच राजाला ते मिळतं. दोन्ही फौजा काही दिवस समोरासमोर बसून राहिल्या. दाणागोटा संपला, तशा आल्या वाटेने परत गेल्या. तुळाजीने भाला लोहाराला देऊन त्याचं खुरपं करून घेतलं.

ही गोष्ट नदीच्या काठाने वर-खाली पसरली. ज्या गावांत ही रीत नव्हती त्यांनी आपापली काही रीत काढली. कुठे दोन्ही काठांची जत्रा एक झाली, कुठे गुरांच्या साथीला दोन्हीकडचे वैदू एकत्र हिंडू लागले. दर साली पुरानंतर वाळूवर बैठक बसू लागली. पुढे राजांची मनं फिरली, तह मोडले, नवे झाले. पण वकील बोलणी करायला निघाले की आधी वाळूवर येऊन विचारू लागले, "तुमचं काय म्हणणं?" आणि ज्या तहाला वाळूवरच्यांनी मान हलवली, तो टिकू लागला.

पुष्कळ वर्षांनी दोन्ही राजांनी मिळून काठावर एक दगडी खांब उभा केला. त्यावर सुबक अक्षरं कोरली. रखमाजी तेव्हा अगदी थकला होता. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने खांबाशी उभ्या असलेल्या कारकुनाला विचारलं, "काय लिहिलंय?"

कारकून म्हणाला, "लिहिलंय, की दोन्ही महाराजांच्या कृपेने या नदीवर शांतता नांदते आहे."

रखमाजीने खांबाला हात लावून पाहिला. दगड चांगला होता.

"बरं," तो म्हणाला, आणि टरबुजांना पाणी घालायला वाळूत उतरला.

तात्पर्य: युद्ध थांबवणं राजांच्या हाती असतं, शांतता मात्र दोन्ही काठांच्या माणसांनाच नांदवावी लागते.